रामोन्स ऐकायला सुरुवात कुठून करू?

साबुदाणावडा
चिरंजीव अकरावीत. फॅशन स्ट्रीटवरून काळा टी-शर्ट आणलाय, त्यावर गरुड आणि वर 'रामोन्स'. "हे कोण रे?" विचारलं तर म्हणतो, "ब्रँड असेल गं." शोधलं तर हा अमेरिकी पंक बँड निघाला. मी डीप पर्पल, झेपेलिन अशा हार्ड रॉकवाली, पंकच्या वाटेला कधी गेलेच नाही. पण आता आधी स्वतः ऐकून मग त्याला ऐकवायचंय. तब्बल १४ स्टुडिओ अल्बम दिसताहेत! जाणकारांनी सांगा. एखादं 'बेस्ट ऑफ' चालेल का?

तीन_कॉर्डस्
बेस्ट ऑफ नको. सरळ १९७६ चा पहिला अल्बम लावा, नाव नुसतंच 'रामोन्स'. १४ गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खल्लास. साधारण ६,४०० डॉलरमध्ये उरकलेलं काम आहे ते. हेडफोन लावूनच ऐका: उजव्या कानात गिटार, डाव्या कानात बेस, मध्ये ड्रम आणि आवाज. डावा काढून ठेवलात की गिटारवाल्या जॉनीचा उजवा हात कळतो. जवळजवळ सगळे फटके वरून खाली, तेही त्या वेगात. मनगट मोडेल असलं काम. सोलो नाहीतच म्हणा ना. झेपेलिनच्या कानांना पहिली पाच मिनिटं "एवढंच?" वाटेल. तेवढी काढा.

कट्ट्यावरचा
असहमत! नवख्याला तो अल्बम कोरडा वाटतो. ताई, तुम्ही 'इट्स अलाइव्ह' घ्या. ३१ डिसेंबर १९७७, लंडनचं रेनबो थिएटर, तासाभराच्या आत २८ गाणी. एक गाणं संपतं न संपतं तोच बेसवाला डी डी "वन-टू-थ्री-फोर" ओरडतो की पुढचं सुरू. टाळ्या वाजवायलाही सवड नाही.

साबुदाणावडा
दोन्ही उतरवून घेतले. पण मग ही मंडळी एवढी मोठी होती, तर आमच्या वेळी नाव कसं कानावर आलं नाही?

तीन_कॉर्डस्
कारण अमेरिकेत त्यांची गाणी रेडिओवर फारशी वाजलीच नाहीत. पहिला अल्बम बिलबोर्डच्या अमेरिकी अल्बम-यादीत १११ व्या क्रमांकापर्यंत पोचला. १९८० मध्ये फिल स्पेक्टरला निर्माता घेऊन बघितलं, तेव्हा कुठे ४४. (तो अल्बम मला गुळमट वाटतो, पण आवडणारेही आहेत.) पहिल्या अल्बमला विक्रीचं 'गोल्ड' प्रमाणपत्र मिळालं २०१४ मध्ये! तोवर गायक जोई, डी डी, जॉनी तिघेही गेलेले. मूळ चौघांतला एकटा ड्रमर टॉमी उरला होता, तोही त्याच जुलैत गेला.

पुणेरी_पंक
विक्रीवर जाऊ नका हो. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्सची ही पोरं, १९७४ पासून तिथल्याच सीबीजीबी क्लबमध्ये वाजवायला लागली. ४ जुलै १९७६ ला लंडनच्या राउंडहाऊसमध्ये वाजवलं, त्या फेरीत सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश या ब्रिटिश पंक बँडची पोरं त्यांना भेटून गेली. वाजवायला उस्ताद असावं लागत नाही, हे यांच्याकडे बघून कितीतरी पोरांना पटलं. आणि घरात काय, तर जोईची मैत्रीण पुढे जॉनीची बायको झाली. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी धड बोलत नव्हते, तरी एकाच व्हॅनमधून फिरत राहिले. १९९६ ला थांबेपर्यंत २,२६३ कार्यक्रम!

साबुदाणावडा
अगं बाई. एकत्र कुटुंबच की.

कट्ट्यावरचा
तिसरा 'रॉकेट टू रशिया' घ्या, १९७७. चाली सगळ्यात गोड त्यात आहेत, साठच्या दशकातलं पॉप ऐकलेल्यांना लगेच जमतो. ऐंशीनंतरचे सावकाश ऐका, मध्ये बरीच भरताड आहे.

पुणेरी_पंक
आणि टी-शर्ट नीट बघायला सांगा चिरंजीवांना. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरून बँडच्या कलाकारानं, आर्तुरो वेगानं, तो गरुड बेतलाय. पंजात बाणांऐवजी बेसबॉलची बॅट आहे, कारण जॉनी बेसबॉलवेडा. कडेच्या नावांत टॉमी आहे की मार्की? मार्की (टॉमीच्या जागी आलेला ड्रमर) असेल तर ती १९७८ पासूनची फळी, मग 'रोड टू रुइन'ही ऐकवा.

साबुदाणावडा
टॉमी आहे. म्हणजे पहिले तीन आणि ते रेनबोवालं. शनिवारी लावते, बघू किती वेळ खोलीत थांबतो.