जळगावचं विमानतळ पालिकेचं आणि हवाई दलाचंही?

गिरणाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "जळगावचं विमानतळ महापालिकेने परत घ्यावं आणि अर्धी जागा हवाई दलाला द्यावी. लष्कर आलं की धावपट्टी वाढेल, विमानं टिकतील." वाचून डोकं तापलं. धावपट्टी बांधकाम खात्याने १९७३ ला बांधली. १९९७ पासून १० वर्षं ती पालिकेकडेच होती. मग राज्याची विमानतळ विकास कंपनी, मग केंद्राचं विमानतळ प्राधिकरण आलं. २०१२ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांनी उद्घाटन केलं आणि केंद्राच्या स्वस्त विमानप्रवासाच्या 'उडान' योजनेतलं मुंबई विमान २०१७ च्या डिसेंबरात आलं. रस्त्यांचे खड्डे बुजवता येत नाहीत त्या पालिकेच्या गळ्यात धावपट्टी कशाला बांधता?

तापीचा_भाऊ: ते मीच लिहिलं. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, तिथे प्रवासी कमी पडले का? नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्याची ३ किलोमीटरची धावपट्टी आहे, सुखोई लढाऊ विमानं तिथे जुळवली गेली आणि प्रवासी विमानंही उडतात. आपली १७०० मीटर. एटीआरसारखं छोटं पंख्याचं विमान उतरतं, बास. वरणगाव, भुसावळला आयुध निर्माणी आहेत, मग हवाई दल का नको?

माहेर_जळगाव: दादा, लोहगावचं कौतुक मला सांगू नका. ऑक्टोबर २०२१ ला धावपट्टीच्या कामासाठी ते दोन आठवडे पूर्ण बंद होतं. त्याआधी वर्षभर रात्रीची विमानं नव्हती. आई दवाखान्यात, मी बंगळुरूला. पुण्याला विमान नाही म्हणून मुंबईला उतरले, दादरला गाडी धरली, पहाटे जळगाव स्टेशनवर पोचले. आई तोवर शुद्धीत नव्हती. दुसऱ्याच्या धावपट्टीवर आपण भाडेकरूच.

तापीचा_भाऊ: ताई, वाईट वाटलं. पण धावपट्टी कोणाचीही असो, दुरुस्तीला बंद करावीच लागते. आणि आपल्या केळीचं काय? मोठी धावपट्टी झाली तर रावेरची केळी थेट दुबईला जाईल.

रावेर_बागायतदार: आता मला बोलायलाच लागेल. केळी विमानाने? हिरवा घड १३-१४ अंशात ठेवून कंटेनरने बंदरात जातो, मग बोटीने. एवढा जड आणि स्वस्त माल विमानात घातला तर भाड्यातच संपेल. आम्हाला सावदा-रावेरहून दिल्लीला वेळेवर वॅगन द्या. केळीचा बोर्डाचा, म्हणजे जाहीर होणारा भाव बऱ्हाणपूरला ठरतो आणि व्यापारी बांधावर त्याहून कमीने कापतो, त्यावर कोण बोलतं? २०१६ ला जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, माझ्या घडाला त्याचा एक रुपया जास्त आला नाही.

गिरणाकाठ: धागा विमानतळाचा आहे, भाऊ.

रावेर_बागायतदार: केळीचा विषय मी काढला नाही. सीएमव्ही या विषाणूच्या रोगाने मागच्या लागणीतली हजार रोपं उपटून जाळली मी, कुणी बांधावर आलं नाही. आमच्या नावावर धावपट्टी मागू नका, एवढंच म्हणतो.

चोपड्याचा_पोऱ्या: यावलला रेल्वे नाही, तिथला माल सावद्याला न्यायचा ट्रकखर्च कोण मोजणार? वॅगन मिळाली तरी यार्डात ऊन खाते. काकांचं बरोबर आहे.

धुळेकर: आमनं धुळानं गोंदूर विमानतळ इसरी गयात का? तठे पोरं विमान शिकतस. हवाई दल पाहिजे तर धुळ्याचा विचार करा. जळगावला लष्कराला लागणारी जमीन विमानतळाजवळच्या कुसुंब्याचे शेतकरी देतील का, ते आधी विचारा.

तापीचा_भाऊ: जमिनीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. पालिकेचंही सोडतो, चला. पण विमानं येतात आणि बंद पडतात, हे किती वर्षं सोसायचं?

माहेर_जळगाव: सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं मुंबईचं विमान रोज सुरू ठेवा आणि ते रद्द करायचं तर आदल्या दिवशी कळवा. धावपट्टी कोणाची का असेना.

गिरणाकाठ: हे मान्य. हवाई दलाचं मात्र अजूनही नाही.