मदत हवी आहे: काचेतल्या जलरंगांचे फोटो परीक्षणासाठी कसे घ्यावेत?

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार, म्हणजे आठवडाभरच असतात, त्यामुळे परीक्षण दोन दिवसांत द्यावं लागतं. अडचण काच लावलेल्या चौकटीतल्या जलरंगचित्रांची आहे. समोरून फोटो घेतला की दिवे चित्रावर उमटतात. पोलरायझर (चमक कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर) समोरून निरुपयोगी. काचेच्या लंबापासून सुमारे ५५ अंशांवर तो चमक कापतो, पण चौकट वाकडी येते. ती सरळ करताना कागदाचा पोत आणि वॉशच्या (पातळ रंगाच्या थराच्या) कडेला साचलेली गडद रेघ पुसट होते. जलरंगात बघायचं असतं ते नेमकं हेच! काळा शर्ट, फ्लॅश बंद, मागे जाऊन झूम, एवढं करून झालंय. स्टँडला परवानगी नसेल तर दिव्याचा डाग कसा टाळता? की चित्रकाराकडून चौकटीआधीचा फोटो मागवून, रंग भिंतीवरच्या चित्राशी तिथेच ताडून घेणं बरं?