जुन्या पाहणीची आकडेवारी नव्या प्रश्नावलीच्या विश्लेषणात किती धरावी?

प्रश्न (विद्यार्थी, बीड):
ऊसतोड कुटुंबांतील नैराश्याच्या लक्षणांवर माझा प्रबंध आहे. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असून प्रत्येकाला ० ते ३, असे कमाल २७ गुण असतात. माझ्याकडे १०० जणांचीच उत्तरे आहेत, परंतु त्याच तालुक्यातील ४०० जणांची जुनी पाहणी उपलब्ध आहे. दोन्ही एकत्र केल्यास चालेल का?

उत्तर (लातूर):
सरसकट एकत्र करू नये. समजा, जुनी सरासरी ८ आणि नवी ६ असेल, तर एकत्रित सरासरी ७.६ येईल आणि नव्या लोकांचे म्हणणे झाकले जाईल. बेझियन विश्लेषणात, म्हणजे आधीची माहिती आणि नवी आकडेवारी संभाव्यतेच्या नियमांनी जोडणाऱ्या पद्धतीत, यासाठी पॉवर प्रायर वापरतात. इब्राहिम आणि चेन यांनी २००० साली त्याची सविस्तर मांडणी केली. त्यात जुन्या माहितीला ० ते १ यांमधील घातांक देऊन तिचे वजन कमी करतात, ०.२५ घेतल्यास ४०० जणांचे वजन १०० जणांइतके राहते आणि वरील उदाहरणात सरासरी ७ येते. घातांक नवी उत्तरे पाहण्यापूर्वी ठरवावा आणि इतर घातांकांचे निष्कर्षही प्रबंधात द्यावेत.

उत्तर (परभणी):
घातांकाच्या आधी दोन्ही पाहण्यांचा महिना पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावरच, परततात. त्यामुळे डिसेंबरमधली जुनी पाहणी असेल, तर ती मुख्यतः गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांची ठरते, आणि अशा माहितीला कोणताही घातांक दिला तरी ती तुमच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. शिवाय ही प्रश्नावली मागील दोन आठवड्यांपुरतेच विचारते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत झोप न लागणे आणि नैराश्यामुळे न लागणे, या दोहोंना तिसऱ्या प्रश्नात सारखेच गुण मिळतात.

विद्यार्थी, बीड:
दोन्ही पाहण्या जून महिन्यातील आहेत. जुन्या वेळी मात्र गावातील आशाताईंनी घरातल्या माणसांसमोर प्रश्न वाचून दाखवले होते. मी प्रत्येकाला एकट्याने भेटलो.

उत्तर (परभणी):
मग एकूण गुणांआधी प्रश्नवार तुलना करा, विशेषतः नवव्या प्रश्नाची. सासूसमोर बसलेली सून जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारांबद्दल मोकळेपणाने बोलेल, असे मला वाटत नाही. तेथे तफावत दिसल्यास त्या प्रश्नापुरती जुनी माहिती वगळणे मला योग्य वाटते. आणि आपल्या १०० जणांपैकी ज्यांनी त्या प्रश्नाला शून्याहून अधिक गुण दिले आहेत, त्यांच्यापर्यंत विश्लेषणाची वाट न पाहता डॉक्टरांची मदत आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आजच पोहोचवा.