मदत हवी आहे: पिकअपचे शॉक अब्सॉर्बर बदलावेत की पाटेही (लीफ स्प्रिंग)?

माझ्या पिकअपला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे असून, खडबडीत कच्च्या रस्त्यावर रिकामी असताना तिची मागची बाजू आडवी सरकते, तर भार असताना मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉपवर (सस्पेन्शनची हालचाल जिथे संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आपटते. टायरमधील हवा कमी केली, शॅकलचे (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) बुश बदलले, पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट आवळले, फरक किरकोळच. शॉक अब्सॉर्बर मूळचेच आहेत, गळती नाही, परंतु चटका बसण्याइतके तापतात. जादा पाटा टाकण्याचा सल्ला मिळाला, पण त्याने रिकामी गाडी अधिकच उसळेल, असे मला वाटते. प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्समधून मागच्या ॲक्सलला गती देणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडू नये म्हणून उंची वाढवायची नाही. अशा स्थितीत केवळ मोनोट्यूब (एकाच नळीचे, दाबाखालील वायू भरलेले) शॉक अब्सॉर्बर पुरतील, की भारानुसार ताठर होत जाणारा पाट्यांचा संचही सोबतच बसवावा लागेल?