मदत हवी आहे: ब्लेडचा कोन बदलता येईल असा सेफ्टी रेझर बनवतोय

नमस्कार. एक सेफ्टी रेझर स्वतः बनवतोय आणि एका ठिकाणी अडकलोय. जरा सविस्तर लिहितो.

दीड वर्षापूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं बरंचसं परत आलं, चालणंही. उजवा हात मात्र अजून फारसा चालत नाही आणि उजवा गाल किंचित ओघळलेला आहे. दाढी मी करून देतो. आयुष्यभर रोज सकाळी स्वतःची दाढी स्वतः केलेला माणूस डोळे मिटून, मान पुढे करून गप्प बसतो, ते मला बघवत नाही. त्यांना ती डाव्या हाताने स्वतः करायची आहे.

डाव्या गालावर जमतं. उजव्या गालावर डावं मनगट हवं तेवढं वळत नाही, ब्लेड उभं लागतं आणि कापतं. विजेचं मशीन वापरून पाहिलं, ते ओघळलेल्या त्वचेवर केस सोडतं. दोन-तीन पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये चार दिवसांची दाढी अडकून बसते आणि एका हाताने ती साफ करता येत नाही. म्हणून एकाच पात्याचा रेझर.

बाजारातल्या कमी-जास्त करता येणाऱ्या रेझरचा अभ्यास केला. जिलेटचा 'फॅटबॉय' (१९५८ ते १९६१, डायलवर १ ते ९ आकडे) हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. पण असा डायल फिरवला की ब्लेड आणि गार्ड (धारेपुढची, त्वचेला टेकणारी पट्टी) एकमेकांपासून लांब जातात, म्हणजे फट वाढते. कोनही बदलतो, पण फटीच्या मागोमाग. बाबांच्या सैल गालासाठी हे उलट आहे. फट जितकी मोठी तितकी त्वचा तिच्यात फुगून वर येते. मला फट तीच ठेवून फक्त कोन बदलायचा आहे.

गोंधळ नको म्हणून शब्द ठरवून घेऊ. टोपी (ब्लेडवर बसणारं झाकण) आणि गार्ड दोन्ही त्वचेला टेकले की त्यांना जोडणारी रेषा ती 'दाढीची रेषा'. ब्लेड या रेषेशी करतं तो कोन. धार या रेषेच्या बाहेर किती डोकावते तो 'डोकाव'. धार आणि गार्ड यांच्यामधली ती फट.

दोन्हीकडे धार असलेलं नेहमीचं ब्लेड मधोमध तोडून अर्धं वापरतोय. पूर्ण ब्लेड तिरकं केलं तर एका बाजूला कोन वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो. टोपीची गोलाई बदलून जास्त वाकवलं तर धार जागेवरून सरकते. अर्ध्या ब्लेडला मागच्या कडेला पिन दिली आणि तिच्याभोवती फिरवलं. धार पिनपासून ११ मिलिमीटरवर आहे. एक अंश फिरवलं की धार जवळजवळ ०.१९ मिलिमीटर वर-खाली होते! आणि मला डोकाव हवा आहे जेमतेम ०.०५. म्हणजे एका अंशातच सगळा हिशोब बिघडतो, आणि मला तर आठ अंशांची सोय हवी आहे.

मोजमाप असं करतो: रेझरचं डोकं फ्लॅटबेड स्कॅनरच्या काचेवर उभं ठेवून कडेकडून २४०० डीपीआयला स्कॅन करतो. एक ठिपका म्हणजे साधारण ०.०१ मिलिमीटर. फटीसाठी फीलर गेज, म्हणजे फटीत घालून बघायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्या.

प्रश्न असा की फिरण्याचा मध्य थेट धारेवर कसा आणायचा? तिथे तर पिन घालायला जागाच नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

लेथ आणि मिलिंगवर बरीच वर्षं काम केलंय, त्या अनुभवावरून सांगतो.

धारेवर पिन लागत नाही. ब्लेड धरणारा ठोकळा कमानीसारख्या खाचेत सरकवायचा आणि त्या कमानीचा मध्य धारेवर ठेवायचा. ठोकळा कमानीतून सरकतो, धार जागच्या जागी राहते. कोनमापक यंत्रांमध्ये हीच युक्ती असते. अडचण येते ती प्लेची, म्हणजे खाचेतल्या ढिलेपणाची. खाचेत ०.०५ चा प्ले राहिला तर धारही तेवढीच हलते, म्हणजे तुमचा अख्खा डोकाव त्या प्लेमध्ये गेला. ठोकळा खाचेच्या एकाच बाजूला स्प्रिंगने सतत दाबून ठेवावा लागेल आणि वर पक्का आवळायला स्क्रू. साबणाच्या पाण्यात, केसांच्या कचऱ्यात हे किती दिवस नीट चालेल याची मला शंका आहे.

म्हणून आधी कमान बनवूच नका. वेगवेगळ्या कोनांच्या पाचरी करा. ११ मिलिमीटर लांबीवर ४ अंशांची पाचर म्हणजे एका टोकाला ०.७७ मिलिमीटर जास्त जाडी, काही अवघड नाही. २४, २८ आणि ३२ अंशांच्या तीन पाचरी करा, प्रत्येकीत धार त्याच जागी येईल असं मोजून. कोणता कोन हवा हे कळलं की कदाचित कोन बदलायची गरजच उरणार नाही. साध्या वितळतारेच्या थ्रीडी प्रिंटरवर मात्र करू नका, तिथे दशांश मिलिमीटरचा भरवसा नसतो. रेझिन प्रिंट किंवा पितळेला कानस.

अजून एक. ब्लेड टोपी आणि पाचर यांच्या पकडीतून किती बाहेर आलंय?

धागाकर्ता

पाचरींची कल्पना पटली, करतो. ब्लेड पकडीबाहेर १.६ मिलिमीटर आहे.

प्रतिसाद १

फार झालं. नेहमीचं ब्लेड फक्त ०.१ मिलिमीटर जाड असतं. पूर्ण ब्लेड रेझरमध्ये वाकून बसतं, त्या वाकण्यामुळे त्याला ताठपणा येतो. तुमचं अर्धं ब्लेड सपाट आहे, त्याला तो फायदा नाही. मोकळ्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात ते वाकतं. १.६ चं ०.८ केलंत तर तेवढ्याच जोराला आठपट कमी वाकेल. आत्ता केस लागला की धार थरथरत असणार, आणि तुम्ही स्कॅनरवर मोजलेला कोन तेव्हा खरा राहत नाही.

प्रतिसाद २

वरच्या मुद्द्याला जोडून. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं होतं की पोलादापेक्षा कितीतरी मऊ असलेला केसही धारेचे कपचे उडवू शकतो. केस कापला जाताना वाकला, तर पोलादातल्या कमकुवत जागी ताण एकवटतो. केसाला वाकायला जेवढी कमी संधी, तेवढं ब्लेड जास्त टिकतं. दाढीचा केस कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजवला की बराच मऊ होतो. बाबांच्या बाबतीत ही तीन मिनिटं अजिबात वाचवू नका.

आणि विचारायलाच हवं: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का?

धागाकर्ता

हो, चालू आहे. म्हणूनच सगळं आधी माझ्या गालावर करतोय. बाबांच्या हातात अजून ब्लेड घातलेला रेझर दिलेला नाही.

प्रतिसाद ३

मी रुग्णसेवेचं काम करते. अंथरुणावरच्या, खुर्चीवरच्या अनेकांच्या दाढ्या केल्या आहेत. यंत्रातलं मला कळत नाही, पण तुमचा प्रश्न वाचताना सारखं वाटत होतं की तुम्ही दोन वेगळे कोन एकत्र करताय.

एक कोन ब्लेडचा त्वचेशी. टोपी आणि गार्ड दोन्ही गालाला टेकलेले असतील तर तो रेझरनेच ठरवून दिलेला असतो, हात कुठेही असो. दुसरा कोन दांड्याचा चेहऱ्याशी, तो मनगट ठरवतं. तुम्ही लिहिलंय की उजव्या गालावर मनगट वळत नाही. म्हणजे तिथे टोपी गालावरून उचलली जात असणार आणि रेझर एकट्या गार्डवर उभा राहत असणार. अशा वेळी आत २४ अंशांची पाचर असो की ३२ ची, ब्लेड उभंच लागणार.

दुसऱ्याची दाढी करताना मलाही हेच होतं. हनुवटीखाली दांडा छातीला अडतो आणि मी नकळत रेझर उभा करते. तेव्हा मी पेशंटची मान बदलते, ब्लेड बदलत नाही. बाबांना स्वतःला मान वळवून, जिभेने आतून गाल फुगवून जमतंय का ते बघा. ओघळलेल्या बाजूला जीभ लावणं जड जात असेल तर कानाजवळची त्वचा वर ओढून धरायला सांगितलं असतं, पण त्याला दुसरा हात लागतो. तेवढं ओढून धरायचं काम तुम्ही करा, रेझर त्यांच्याच हातात राहू दे. ते नाही म्हणणार नाहीत.

धागाकर्ता

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ नुसता बसून राहिलो. मग मोबाइलवर बाबांचे व्हिडिओ घेतले. रेझरमध्ये ब्लेड नाही, नुसता फेस उतरवायचा. सावकाश लावून पाहिलं. डाव्या गालावर टोपी टेकलेली राहते. उजव्या गालावर कानापासून दोन बोटं खाली आलं की टोपी उचलली जाते आणि जबड्यापर्यंत परत टेकतच नाही. अगदी तुम्ही म्हणालात तसं.

पाचरीही झाल्या. मोकळी लांबी ०.८ वर आणली. माझ्या गालावर २४ चा ओढत होता, दुसऱ्यांदा फिरवावा लागत होता. २८ आणि ३२ मध्ये मला डोळे मिटून फरक सांगता आला नाही. पण २८ चीच पाचर ठेवून दांडा मुद्दाम चुकीचा धरला तर लगेच जळजळ. म्हणजे मी दोन महिने चुकीचा कोन बदलायच्या मागे होतो. २८ कायम केला.

आता प्रश्न बदलतो. डोकं दांड्यावर बिजागरीसारखं फिरायला हवं, म्हणजे मनगट चुकलं तरी टोपी आणि गार्ड दोन्ही गालाला टेकून राहतील. डोक्यामागे, दांडा सुरू होतो तिथे, एक पिन घालून पाहिली. त्वचेपासून साधारण १० मिलिमीटरवर. हवेत छान फिरतं. गालावर ओढलं की डोकं पुढे कोलमडतं आणि पूर्वीपेक्षा जास्त उभं होतं! असं का?

प्रतिसाद १

ताईंनी नेमकं पकडलं. मी सरळ तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या मागे गेलो, तिथे चुकलो.

कोलमडतं कारण पिन उंचावर आहे. ओढताना गार्ड पुढे असतो, टोपी मागे. हात पिनेच्या जागी पुढे ओढतो आणि खाली त्वचा डोक्याला मागे धरून ठेवते. या दोघांमध्ये डोकं पुढे, गार्डवर पडतं, टोपी उचलली जाते. समजा दाब १०० ग्रॅम वजनाइतका आहे आणि त्वचेची ओढ ४० ग्रॅमइतकी. १० मिलिमीटर उंचीला सगळा भार पिनेच्या ४ मिलिमीटर पुढे जाऊन पडतो. टोपी आणि गार्ड टेकण्याच्या जागांत अंतर किती आहे तुमच्याकडे?

धागाकर्ता

साडेचार. पिन दोघांच्या बरोबर मध्यावर आहे.

प्रतिसाद १

मग मध्यापासून गार्डपर्यंत फक्त सव्वादोन. भार ४ वर, म्हणजे गार्डच्याही पुढे. कोलमडणारच. पिन त्वचेपासून २ मिलिमीटरवर आणली तर भार फक्त ०.८ पुढे सरकेल, गार्ड आणि टोपीच्या आतच राहील. आणखी खात्री हवी तर पिन मिलिमीटरभर टोपीकडे सरकवा.

एवढ्या खाली डोक्यामागून पिन जाणार नाही. डोक्याच्या दोन्ही टोकांना कान काढा आणि दांड्याचं टोक इंग्रजी 'यू'सारखं दुभंगून दोन्ही बाजूंनी धरा. ब्लेड ४३ मिलिमीटर लांब, त्याच्या बाहेर दोन्हीकडे कान. कानांचे कोपरे गोल करा, नाहीतर नाकाखाली टोचतील. फिरणं दोन्हीकडे १२ अंशांवर अडेल असे थांबे द्या. बिनथांब्याची बिजागरी बाबांच्या हातात देऊ नका.

प्रतिसाद २

फिरत्या डोक्याची कल्पना कार्ट्रिजमध्ये जुनीच आहे. जिलेटने १९७७ मध्ये 'अट्रा' आणला तो त्यासाठीच. एकपाती सेफ्टी रेझरला ती लावण्यात माझ्या मते मोठी अडचण दांड्याच्या वजनाची आहे. जड दांडा लोंबला की डोक्याला वळवतो. दांडा हलका घ्या, जाड चालेल. अशक्त हाताला जाड दांडा धरायलाही बरा.

धागाकर्ता

तीन आठवड्यांनी लिहितोय.

'यू' पितळेचा केला. पिन त्वचेपासून २.३ वर आली, त्याहून खाली गार्ड आडवा येतो. मिलिमीटरभर टोपीकडे सरकवली. दांडा अ‍ॅल्युमिनियमची नळी, त्यावर रबराचं आवरण. ब्लेड अ‍ॅल्युमिनियमला कुठेही टेकणार नाही हे पाहिलं, ओलं राहून अ‍ॅल्युमिनियम खराब होऊ नये म्हणून.

आधी ब्लेडशिवाय पाच दिवस. व्हिडिओत उजव्या गालावर टोपी शेवटपर्यंत टेकलेली दिसते. मग माझ्या गालावर ब्लेड घालून चार वेळा, मुद्दाम डाव्या हाताने आणि वेडावाकडा धरून. एकदाही कापलं नाही. काल बाबांनी ब्लेड घालून उजव्या गालाची दाढी केली. कानाजवळची त्वचा मी ओढून धरली होती. जबड्याच्या कडेला थोडे केस राहिले, ते त्यांनी हात फिरवून शोधले आणि माझ्या हातात रेझर न देता परत फिरवला.

एकच गोष्ट सुटत नाही. रेझर गालावरून उचलला की डोकं कुठल्याही बाजूला कलंडलेलं राहतं आणि परत टेकवताना कधी टोपी आधी लागते, कधी गार्ड. गार्ड आधी लागला की बाबा दचकतात. डोकं हवेत मधोमध परत यावं यासाठी बारीक स्प्रिंग लावू की पिनेवर घट्ट वॉशर घालून ते ठेवलं तसंच राहू देऊ? स्प्रिंग लावली तर ती गालावर टोपी उचलण्याइतकी जोरदार नको, आणि साबणात गंजायलाही नको. तार किती जाडीची घ्यावी हे कुणी अनुभवातून सांगू शकेल का?