चक्रम भयकथांची कॉमिक्स: कुठली डोक्यातून जात नाही? अनुभव लिहा

गिरगावकरीण
परवा ब्लाऊजचं माप द्यायला गेले होते. शिंपीकाकांनी टेप लावली आणि जुनी वही बघून म्हणाले, मागच्यापेक्षा इंचभर कमी भरतंय. खरं तर पेढे वाटायला हवेत, पण माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण ती गोष्ट! चौथी-पाचवीत असेन, ठाकूरद्वारला एक जण जिन्याखाली कॉमिक्स भाड्याने द्यायचा, पन्नास पैसे रोज, तिथेच बसून वाचलं तर पंचवीस. त्यातलं एक हिंदी भुताटकीचं, म्हणजे भूत नव्हतंच त्यात, हीच तर गंमत. एक शिंपी, एक गिऱ्हाईक, आणि दर खेपेला तो माणूस इंचभर लहान. शिंपी बोलत काहीच नाही, नुसता वहीत आकडा लिहितो. एका चौकटीत तर फक्त टेप आणि खडूची खूण, बाकी सगळं काळं. शेवटून दुसऱ्या पानावर तो माणूस शिलाई मशीनच्या खणात उभा, रिळांच्या शेजारी, आणि शिंपी खण आत ढकलतोय... पुढचं पान फाडलेलं!! आईचं पायमशीन होतं घरी, त्याचा खण मी लग्न होईपर्यंत उघडला नाही. हडळ, मुंजा वगैरे वाचून मस्त झोपायचे मी. हे मात्र गेलं नाही. तुमचं असं कुठलं?

आळूचं_फदफदं
रात्री साडेअकराला धागा उघडला, चूक झाली. सकाळी लिहिते.

फास्टलोकल
जपानी कॉमिक्सवाला जुन्जी इतो, त्याची ती डोंगरातल्या भोकांची. भूकंप होतो, डोंगर फाटतो आणि आत माणसांच्या आकाराची हजारो भोकं. लोक टीव्हीवर बघतात आणि एकेकाला वाटायला लागतं की हे भोक माझंच, माझ्या मापाचं. आणि जातात की आत! कोणी ढकलत नाही हां. मी ही पहिल्यांदा वाचली विरार फास्टमध्ये, दरवाज्याजवळ, समोरच्याची बॅग माझ्या बरगडीत आणि माझं कोपर तिसऱ्याच्या टिफिनवर. अंधेरीला जरा जागा झाली तर आपोआप सरकून तिच्यात फिट झालो. मग हसूच आलं, जरा घाबरट हसू.

कवळीवाला
इतो आधी डेंटल टेक्निशियन होता बरं का. मी पण तेच करतो, दादरला लॅब आहे. दिवसभर दुसऱ्यांचे दात हातात घेऊन बसलं की माणूस तसाही थोडा सरकतोच. तोंड एवढं उघडलेलं कुठल्याच चित्रकाराला जमत नाही, त्याला जमतं, यात नवल नाही.

आळूचं_फदफदं
कवळीवाला, सासूबाईंची खालची कवळी सैल झालीये, बोलताना वाजते. नवीनच करावी लागते का?

कवळीवाला
रिलाइन होते बऱ्याचदा, म्हणजे आतून नवा थर देऊन घट्ट करतात. व्यनि (खासगी निरोप) करा.

बोरू
चित्रं काढतो म्हणून थोडं पाल्हाळ. भयकॉमिक्समध्ये खरी भीती पान उलटण्यात असते. डावी-उजवी पानं एकदम दिसतात, त्यामुळे दचकवणारं चित्र समोर ठेवलं तर डोळा आधीच तिथे पळतो, फुकट जातं. म्हणून ते उलटल्यावर येतं, अख्ख्या पानभर. आधीच्या पानाची शेवटची चौकट साधीच, कोणीतरी मान वळवतंय किंवा दाराची कडी. आणि उलटायचं तुम्हीच! सिनेमा आपोआप पुढे जातो, इथे तुमचा अंगठा गुन्हेगार. मोबाइलवर सरकवत वाचणाऱ्यांना ही मजा अर्धीच मिळते. आणि बारीक रेघा बघा, एकावर एक शेकडो, साधी भिंत पण आजारी दिसते त्याने. मी एकदा तशी भिंत काढायला बसलो, मनगट दोन दिवस धरलं होतं.

रद्दीप्रेमी
+१. फाउंटनच्या फुटपाथवर मला सत्तरच्या दशकातली अमेरिकन काळी-पांढरी मासिकं मिळायची, पावसाने फुगलेली, पिना गंजलेल्या. ती साधी कॉमिक्स न राहता मासिकं का झाली, तर 1954 मध्ये तिकडे सिनेटपुढे कॉमिक्सची सुनावणी झाली. एका मुखपृष्ठावर कुऱ्हाड आणि बाईचं तोडलेलं मुंडकं. प्रकाशक विल्यम गेन्सला विचारलं, ही सुरुची आहे का? तो म्हणे, भयकॉमिकसाठी आहे, मुंडकं अजून वर धरून रक्त गळताना दाखवलं असतं तर कुरुची. झालं, त्याच वर्षी आचारसंहिता आली. नावात हॉरर शब्द नको, व्हॅम्पायर नको, चालती प्रेतं नकोत. मग 1964 पासून काहींनी मासिकाच्या आकारात काढायला सुरुवात केली, मासिकांना ती संहिता लागू नव्हती. आमच्या हातरूमालाएवढ्या घरात तो ढीग आईने मी परीक्षेला गेलो असताना किलोवर घातला. ती खरी भयकथा.

निवांत_डोंबिवली
आपल्याकडे वेताळ पंचविशी आहेच की. पाठीवरचं प्रेत गोष्ट सांगतंय, दर वेळी नवी. पण तिथे कोडं असतं आणि राजा फटाफट उत्तर देतो, म्हणून भीती वाटत नाही. शेवटच्या कोड्याला उत्तर सुचत नाही, गप्प राहतो, तिथेच जरा गार वाटतं. या कॉमिक्सवाल्यांनी तो गप्प राहायचा भागच उचललाय. का झालं, कोणी केलं, काही सांगत नाहीत. दहा-वीस पानांत खेळ खलास, पुढच्या गोष्टीत नवी माणसं आणि जग जसंच्या तसं. मला तेच जास्त लागतं.

फास्टलोकल
वेताळ म्हणजे इंद्रजाल कॉमिक्सचा ना? कवटीची अंगठी?

निवांत_डोंबिवली
अरे तो जंगलातला फँटम रे!! त्याला मराठीत वेताळ केलं होतं. घ्या, आता धागा जंगलात गेला.

पोपटी_छत्री
गिरगावकरीण, कबुली द्यायची होती. भाड्याच्या कॉमिक्सची शेवटची पानं आम्ही फाडायचो, मागे बक्षिसाचं कूपन असायचं. मी आणि दादा. कधीच काही लागलं नाही. सॉरी हां.

गिरगावकरीण
तू राहायचीस कुठे?????

पोपटी_छत्री
मुगभाटात, गिरगावातच 🙈

गिरगावकरीण
लग्न होईपर्यंत मी तो खण बंद ठेवला आणि तू कूपन भरत होतीस! शेवट आठवतोय का निदान?

पोपटी_छत्री
नाही गं, पुढची बाजू वाचलीच नाही कधी. पत्ता भरायच्या नादात.

आळूचं_फदफदं
सकाळ झाली, सगळं वाचलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले. बाकी ब्लाऊज आला का शिवून?

गिरगावकरीण
आला काल. सैल होतोय.

फास्टलोकल
परत अल्टरला जाऊ नका.

आळूचं_फदफदं
शिलाई किती घेतली? आमच्याकडे अस्तराचे साडेसातशे मागतात.