मदत हवी आहे: दुकानात अंगावर बाळगायला लहान आकाराचं .४५ पिस्तूल (टेक्सास)

शुगरलँडकर

नमस्कार मंडळी,

मी ह्यूस्टनजवळ शुगरलँडला राहतो, ग्रीन कार्ड आहे. भागीदारीत भारतीय किराणा मालाचं दुकान चालवतो आणि रात्री शटर ओढायची पाळी बहुतेक माझ्यावरच असते. मध्यंतरी आमच्याच रांगेतल्या एका दुकानदाराला पार्किंगमध्ये गाडीपाशी अडवून लुटलं. त्यानंतर घरात बरीच चर्चा झाली. बायकोने दोन अटींवर होकार दिला: मुलगी दुसरीत आहे, त्यामुळे घरात पिस्तूल तिजोरीतच राहील, आणि आधी नीट शिकायचं, मगच अंगावर लावायचं. दोन्ही अटी मला मनापासून मान्य आहेत. लायसन्स टू कॅरीचा, म्हणजे एलटीसीचा, अर्ज केला आहे. इथे १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं हे माहीत आहे. तरी परवाना काढतोय, कारण परीक्षेच्या निमित्ताने हात तयार होतो. ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या, २५० पैकी १७५ गुण हवेत.

आता मुख्य प्रश्न. मला .४५ एसीपी काडतुसाचं (म्हणजे साधारण ०.४५ इंच व्यासाच्या गोळीचं), शर्टाखाली राहील असं पिस्तूल निवडायचं आहे. रेंजवर भाड्याने घेऊन तीन चालवून पाहिली आणि अडकलोय.

.४५च का, हे आधीच सांगतो, म्हणजे चर्चा तिकडे वाहून जाणार नाही. प्रशिक्षकाने सुरुवातीला .४० दिलं होतं. त्याचा झटका मनगटाला तोडल्यासारखा लागतो, नळी वर उसळते आणि दुसरी गोळी मारेपर्यंत नेम परत शोधावा लागतो. .४५चा धक्का मोठा असला तरी तळहातावर मागे ढकलल्यासारखा येतो. .४५ एसीपीचा कमाल दाब २१,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, .४० आणि ९ मिमीचा ३५,०००. फरक तिथलाच असावा. २३० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १५ ग्रॅमची गोळी सावकाश जाते. कानालाही आवाज कमी टोचतो. माझ्या हाताला हे जमलं.

पहिलं ग्लॉक ३०. नेम याच्यावर सगळ्यात चांगला बसला. मॅगझिनमध्ये दहा अधिक नळीत एक गोळी, पावणेचार इंचांच्या आसपास नळी. पण .४५ची जाड काडतुसं दोन रांगांत बसवल्यामुळे मूठ खांबासारखी झाली आहे. माझी बोटं आखूड आहेत, चापावर बोटाचं फक्त टोक पोचतं, आणि गोळ्या उजव्या हाताने मारतो म्हणून छिद्रं डावीकडे सरकत जातात. शिवाय भरल्यावर किलोच्या जवळ वजन.

दुसरं स्मिथ अँड वेसनचं शील्ड ४५. चपटं, रिकामं साधारण ५८० ग्रॅम, नळी ३.३ इंच. सहा गोळ्यांचं आखूड मॅगझिन आणि सातचं थोडं लांब. हातात घेताच आपलं वाटलं. मात्र एक डबा संपता संपता अंगठा आणि तर्जनीमधली कातडी लाल झाली आणि शेवटच्या गोळ्यांना मी चाप ओढण्याआधीच मनगट खाली दाबू लागलो होतो. प्रशिक्षकाने मधेच न सांगता एक डमी (बारूद नसलेलं) काडतूस भरलं, तेव्हा पिस्तुलाचं नाक खाली गेलेलं मला स्वतःला दिसलं.

तिसरं स्प्रिंगफील्डचं एक्सडी-एस. तेवढ्याच लांबीची नळी, पाच अधिक एक. मुठीच्या मागे एक कळ आहे, ती दाबल्याशिवाय गोळी सुटत नाही, ही सोय मला आवडते. आखूड मॅगझिन लावलं की करंगळी हवेत राहते. जुनं घ्यायचा विचार असलेल्यांनी लक्षात ठेवा, २०१३ मध्ये कंपनीने याची पिस्तुलं दुरुस्तीसाठी परत मागवली होती. सीरियल नंबर तपासून घ्यावा.

आता खरी अडचण. माझं काम खुर्चीतलं नाही. तांदळाच्या वीस-वीस पौंडांच्या गोण्या खालच्या फळीवर लावायच्या, डाळींची खोकी फोडायची, शिडीवर चढायचं. प्रशिक्षकाने मापाचं निळं रबरी पिस्तूल दिलं होतं, ते लावून एक पूर्ण दिवस दुकानात काढला. उजव्या कुल्ल्याच्या मागे लावलं तर वाकताना शर्ट वर सरकतो आणि मूठ पाठीवर उभी दिसते. पोटापाशी लावलं तर गोणी उचलताना नळीचं टोक जांघेत आणि मूठ बरगडीखाली रुतते. त्यात ह्यूस्टनचा घाम. ऑगस्टमध्ये जाकीट घालून दुकानात उभं राहणं शक्य नाही.

असं अंगमेहनतीचं काम करताना .४५ बाळगणारं इथे कोणी आहे का? जाड पण हाताला शांत असलेलं ग्लॉक ३० की चपटं पण झटक्याला कडक असलेलं शील्ड? ग्लॉक ३०एस किंवा एका रांगेचं, सहा गोळ्यांचं ग्लॉक ३६ कोणी चालवलं आहे का? ती दोन्ही इथल्या रेंजवर भाड्याने मिळाली नाहीत.

प्रतिसाद – प्लेनोचा पाटील

तीनही चालवून मग विचारताय, हे फार चांगलं केलंत.

३०एस माझ्याकडे आहे. त्याची मूठ ३०च्या एसएफ प्रकाराची, म्हणजे मागून थोडी कमी केलेली, आणि वरची स्लाइड ३६ची, सडपातळ. गोळ्या दहाच. तुमचं बोट चापावर जिथे कमी पडतंय तिथे एवढ्या फरकाने काम होऊ शकतं. पण मूठ तरीही दोन रांगांचीच आहे आणि कपड्यातून दिसते ती मूठच, नळी नाही. लांब नळी पँटच्या आत जाते, तिने कोणाचं काही बिघडत नाही. म्हणून लपवण्यासाठी पिस्तूल निवडताना आधी मुठीची उंची आणि जाडी बघा.

दुसरं, काडतुसांबद्दल. .४५ एसीपी जन्माला आलं पाच इंची नळीसाठी. तिथे २३० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ८३० फूट जाते. ३.३ इंचात वेग बराच पडतो आणि ही गोळी मुळातच सावकाश असल्यामुळे काही पोकळ टोकाच्या गोळ्या उमलतच, म्हणजे लागल्यावर पसरतच नाहीत. आखूड नळीसाठी बनवलेलं काडतूस घ्या, स्पीअर गोल्ड डॉटमध्ये शॉर्ट बॅरल म्हणून मिळतं. जे बाळगणार, त्याच काडतुसाचे काही डबे आधी त्याच पिस्तुलातून चालवा. महाग पडतं, पण अडकणार असेल तर रेंजवर अडकलेलं बरं. छोट्या .४५ची स्प्रिंग कडक असते, लवकर थकते आणि वेळेवर बदलावी लागते, हेही खर्चात धरा.

आता तुम्ही टाळलेला विषय, रागावू नका. एफबीआयने १९८६च्या मायामीच्या गोळीबारानंतर मोठ्या कॅलिबरची वाट धरली, १० मिमी झालं, .४० झालं, आणि २०१६ मध्ये पुन्हा ९ मिमीच्या ग्लॉकचा करार केला. त्यांच्या चाचणीत गोळी शरीरासारख्या जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच शिरली पाहिजे आणि आजची चांगली ९ मिमी गोळी ते करते. तुम्ही .४०ची तुलना .४५शी केलीत, ती बरोबरच आहे. पण डब्याच्या शेवटी मनगट खाली जातंय म्हणजे शील्ड ४५वर सराव करायला हात नाखूष आहे. शील्ड प्लस एकदा चालवा. ९ मिमी, आखूड मॅगझिनमध्ये दहा, लांबमध्ये तेरा. गोळ्याही स्वस्त, म्हणजे सराव जास्त.

प्रतिसाद – ऑस्टिनची अनघा

दादा, पिस्तुलाइतकाच पैसा पट्टा आणि होल्स्टरवर ठेवा. तुमचा निम्मा त्रास तिथला वाटतोय. साध्या चामडी पट्ट्यावर किलोभर वजन लटकलं की ते बाहेर झुकतं आणि मूठ उभी राहते. आतून ताठ पट्टी असलेला पट्टा घ्या. होल्स्टर कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं), चाप पूर्ण झाकणारं, आणि मूठ अंगाकडे दाबणारा पंख असलेलं. पोटापाशी लावणार असाल तर नळीच्या टोकाशी फोमची पाचर चिकटवा, रुतणं कमी होतं. मी नर्स आहे, दिवसभर वाकणं-उचलणं असतं. इस्पितळात नेत नाही, पण बाहेर पोटापाशीच लावते. गोणी उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यात बसायची सवय लावा, पाठीलाही बरं आणि शर्टही वर जात नाही. गडद, बारीक नक्षीचा सैल शर्ट घाला. फिक्या एकरंगी शर्टावर सगळं उमटतं.

घरचं म्हणाल तर पलंगापाशी बोटांच्या ठशाने किंवा कळांनी उघडणारी, भिंतीला किंवा फर्निचरला बोल्टने आवळलेली छोटी तिजोरी. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं हा गुन्हा आहे. मुलीला आधीच सांगा: दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्यांना सांगायचं. आणि रोज रात्री होल्स्टरसकट काढून होल्स्टरसकट तिजोरीत. चाप उघडा पडण्याची वेळ जितकी कमी, तितका धोका कमी.

प्रतिसाद – अटलांटाचा जुना दुकानदार

मी बरीच वर्षं गॅस स्टेशन चालवलं. पिस्तूल घ्या, माझा विरोध नाही. पण लुटारू तुमच्याकडे येतात ते रोकडीसाठी. बँकेत भरणा दुपारी करा, रोज वेगळ्या वेळी. रात्री गल्ल्यात सुट्टे पैसे ठेवून बाकी टाइम-लॉकच्या तिजोरीत, आणि तशी पाटी दाराला. एकट्याने कुलूप लावू नका, गाडी दिव्याखाली लावा. कोणी पिस्तूल रोखून पैसे मागितले तर देऊन टाका. विमा असेल तर ते पैसे परत मिळू शकतात. तुमच्या कमरेला .४५ आहे की ९ मिमी, हा प्रश्न जिवावर बेतल्यावरच येतो, आणि तिथपर्यंत वेळ येऊ नये यासाठी ही सगळी कामं आहेत.

प्रतिसाद – एडिसनकर

टेक्सासबाहेर जाणार असाल तर सांभाळा. तुमचा एलटीसी न्यू जर्सीत चालत नाही. इथे मॅगझिनला दहाची मर्यादा आहे आणि पोकळ टोकाच्या गोळ्या घेऊन रस्त्यावर फिरणं स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. नातेवाइकांकडे येताना गाडीत विसरून आणू नका.

आणि वाचणाऱ्यांतल्या एच-१बीवाल्यांसाठी: ग्रीन कार्डवाल्याला पिस्तूल विकत घेता येतं, तुम्हाला केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे शस्त्र बाळगायलाच मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. मित्राबरोबर रेंजवर जाऊन हातात घेण्याआधीसुद्धा वकिलाला विचारा. प्रश्न तुमच्या व्हिसाचा आहे.

प्रतिसाद – प्लेनोचा पाटील

एडिसनकरांना जोडून. परवाना काढताय हे उत्तमच, कारण शाळेपासून हजार फुटांच्या आत शस्त्र नेण्यावर केंद्रीय बंदी आहे आणि त्यातून सूट राज्याच्या परवानाधारकाला मिळते, बिनपरवान्याने बाळगणाऱ्याला नाही. दुकानाच्या आसपास शाळा असेलच. मात्र शाळेच्या इमारतीत परवाना असूनही चालत नाही. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव बऱ्याच ठिकाणी शाळेच्या सभागृहात होतो, त्या दिवशी घरच्या तिजोरीत ठेवूनच निघा. देवळाच्या दारावर ३०.०६ची, म्हणजे परवानाधारकालाही लपवलेलं पिस्तूल आत आणायला मनाई करणारी, पाटी असेल तर तिथेही नाही. ५१ टक्क्यांची लाल पाटी म्हणजे बार, तिथे तर मुळीच नाही.

शुगरलँडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोलाही पूर्ण धागा वाचून दाखवला.

अटलांटाच्या काकांचं लगेच अमलात आणलं. भागीदाराशी बोललो, भरणा आता दुपारी होईल आणि बंद करताना दोघं थांबू. टाइम-लॉकची तिजोरी मागवली आहे.

अनघाताई, ताठ पट्टा आणि पंखाचं होल्स्टर आणलं, निळ्या रबरी पिस्तुलासाठीच. मूठ खरंच आत गेली. गुडघ्यात बसून गोणी उचलली की मागून काही दिसत नाही, भागीदाराला उभं करून बघायला लावलं. पाचर लावल्यावर जांघेतलं रुतणंही बरंच कमी झालं, बरगडीचं मात्र आहे. म्हणजे मूठ आणखी आखूड हवी, आणि तिथे ग्लॉक ३० बाद होतं.

पाटीलसाहेब, रागावलो नाही. शील्ड प्लस रेंजवर मिळालं. दहा गोळ्या मारून झाल्या तरी मनगट जागेवर होतं आणि सात यार्डांवरची छिद्रं शील्ड ४५पेक्षा एकमेकांच्या जास्त जवळ पडली. तरी .४५ मनातून जात नाही. म्हणून पुढच्या वेळी दोन्ही शील्ड एकाच दिवशी, एकाच अंतरावर, मधे डमी काडतुसं भरून चालवणार आहे. डमीवर ज्याचं नाक खाली जाईल ते यादीतून बाद.

ग्लॉक ३६बद्दल अजून कोणी बोललं नाही. ह्यूस्टन, केटी किंवा पेअरलँडकडे कोणाकडे असेल आणि रेंजवर दहा-वीस गोळ्या मारायला मिळाल्या तर फार मदत होईल. काडतुसं आणि लेनचं भाडं माझ्याकडे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.